दार दुसऱ्या टप्प्यात

सकाळी अकरा वाजून पाच मिनिटांनी उमाबाई पोळ्यांचं टोपलं कमरेवर घेऊन स्वयंपाकघरातून बाहेर पडल्या, रोजच्या सवयीनं रस्त्याच्या मध्यापर्यंत गेल्या आणि त्यांच्या पोटाला लोखंड लागलं. समोर कठडा होता. पहाटे त्या शेगडीपाशी गेल्या तेव्हा तो नव्हता. दोन दिवसांपूर्वी रस्ता मधोमध उकरला होता हे खरं, पण लातुरात रस्ता उकरणं ही काही बातमी नाही. पाण्याची पाइपलाइन असेल म्हणून कुणी विचारलंही नव्हतं. आता तिथे गुडघाभर उंचीचे सिमेंटचे ठोकळे मांडले होते, त्यांच्यावर छातीपर्यंत गज, आणि अडीच फूट सोडून पलीकडे पुन्हा तसेच ठोकळे, तसेच गज. डावीकडे चौकापर्यंत हेच, उजवीकडे बस थांब्यापर्यंत हेच.

आणि रस्त्याच्या पलीकडच्या अंगाला, सुलतानबीच्या गादी कारखान्याच्या हॉलमध्ये, साठ पोरंपोरी रिकाम्या ताटांपुढे बसली होती.

"ए बाबा," उमाबाईंनी वेल्डिंग करणाऱ्या माणसाला हाक मारली. "हे काय करून राहिलास?"

केरबा मिस्त्रीनं काळा चष्मा कपाळावर सरकवला. "पदपथ हाय मावशी. फिरायचा रस्ता."

"कुणी फिरायचं?"

"ते वरच्यांना ठाऊक."

"कुणाला विचारून बसवला?"

"मी मिस्त्री माणूस मावशी. नकाशात रेघ असली की मी तिथं लोखंड लावतो."

"मग दार कुठंय? पलीकडं जायचं कसं?"

केरबानं खिशातून घडी घातलेला कागद काढला. आधी उलटा धरला, मग सुलटा धरला. "दार न्हाई यात," तो म्हणाला. "दार दुसऱ्या टप्प्यात हाय."

हे वाचून कुणाला हसू आलं तर येऊ द्यावं. उमाबाईंना आलं नाही. त्यांची खाणावळ म्हणजे अलीकडे दोन खोल्यांत स्वयंपाक आणि पलीकडे सुलतानबीच्या हॉलमध्ये पंगत, अशी अठरा वर्षं चालली होती. शिकवण्यांच्या इमारती पलीकडच्या बाजूला. फिजिक्सची बॅच सुटायची अकराला आणि बायोलॉजीची भरायची अकरा चाळीसला. त्या चाळीस मिनिटांत पोरांनी जेवायचं, हात धुवायचे, घरी फोन करून आईला खोटं खोटं बरं आहे म्हणायचं आणि परत बाकावर जाऊन बसायचं. डॉक्टर होण्याची परीक्षा पाच महिन्यांवर होती. हल्ली पोरांबरोबर आयाही खोल्या घेऊन राहतात आणि वरण गरम आहे का ते स्वतः बोट घालून बघतात. दोन दिवस वरण गार मिळालं की तिसऱ्या दिवशी पोरगं दुसऱ्या खाणावळीत दिसतं.

त्या दिवशी उमाबाई टोपलं घेऊन चौकापर्यंत चालत गेल्या, चौकाला वळसा घातला आणि पलीकडच्या बाजूनं परत आल्या. पोचल्या तेव्हा बारा मिनिटं उरली होती. वरणाचं पातेलं अजून अलीकडेच होतं. पोरांनी लोणच्याबरोबर गार पोळ्या खाल्ल्या आणि ती उठली. कुणी काही बोललं नाही, याचाच उमाबाईंना जास्त राग आला.

"क्या बाई, एवढ्या लांबून आलीस?" सुलतानबी म्हणाली. "मला वाटलं चाकूरहून आलीस."

"हसू नकोस सुलतानबी. मला आज कुणाचं तरी डोकं फोडायचंय. कुणाचं ते उद्या कळंल."

दुसऱ्या दिवशी कळलं, आणि कळल्यावर राग दुप्पट झाला. कारण ते डोकं रुद्रेशचं होतं, आणि त्या डोक्याला दोन वर्षं उमाबाईंनीच जेवू घातलं होतं. चाकूरचा हा पोरगा पंधरा वर्षांपूर्वी त्यांच्या पंगतीत होता. डॉक्टर व्हायचं जमलं नाही, इंजिनियर झाला, आणि शहर शोभा मंडळ नावाच्या कार्यालयात लागला. मंडळानं त्याला आठ दिवस बार्सिलोनाला पाठवलं. तिथे त्यानं एक रस्ता पाहिला. मधोमध लोकांना चालायला ऐसपैस जागा, दोन्हीकडे झाडं, म्हातारी माणसं बाकांवर बसलेली, आणि मोटारी बिचाऱ्या कडेकडेनं जाणाऱ्या. रुद्रेशचे डोळे भरून आले. अशी जागा आपल्या शिकवणीच्या पोरांना मिळाली पाहिजे, असं त्याला मनापासून वाटलं. यात त्याची काहीच चूक नव्हती.

चूक पुढे झाली. नकाशावर मधला पदपथ वीस फुटांचा होता. तो "स्थानिक परिस्थितीला अनुरूप" करण्यासाठी बैठक बसली. एका पुढाऱ्याच्या गाडीला वळायला जागा हवी म्हणून सहा फूट गेले. शिकवणीवाल्यांना पार्किंग हवं होतं, त्यात सात गेले. विजेच्या डब्यांनी तीन खाल्ले. उरलेल्यातून दीड फूट कुणी का कापला ते इतिवृत्तात सापडत नाही. शेवटी अडीच फूट राहिले. अडीच फुटांत चालणार कोण, हे त्या खोलीत एकालाही विचारावंसं वाटलं नाही, कारण निधी पदपथाच्या नावानं आला होता आणि पदपथ केल्याशिवाय तो खर्च करता येणार नव्हता. परदेशातून आणलेल्या चांगल्या कल्पनेचे आपल्याकडे असे हाल होतात, आणि वर म्हणायचं की कल्पनाच आपल्या मातीतली नव्हती.

उमाबाई कार्यालयात शिरल्या तेव्हा रुद्रेश उभा राहिला. "या मावशी, बसा. चहा सांगू?"

"विष सांग. दोन कप. एक तुला."

"मावशी, आधी हे बघा." त्यानं संगणक त्यांच्याकडे वळवला. पडद्यावर झाडं होती, बाक होते, गोऱ्या म्हाताऱ्या होत्या.

"छान हाय," उमाबाई म्हणाल्या. "या बाया आत कुठून गेल्या?"

"म्हणजे?"

"दार कुठंय त्यांचं?"

"तिथे कठडाच नाही मावशी. तिथे गाड्या आत घुसत नाहीत."

"मग इथं गाड्या घुसतात म्हणून माणसाला कोंडलंस?"

रुद्रेशनं संगणक परत आपल्याकडे वळवला. "माझ्या मूळ नकाशात दर शंभर फुटांना दार होतं. निधी दोन टप्प्यांत आला. पहिल्यात लोखंड, दुसऱ्यात दारं."

"घर बांधताना भिंती यंदा अन् दार पुढल्या साली, असं केलंय का कुणी तुझ्या चाकुरात?"

उमाबाई एवढ्यावर थांबायला आल्या नव्हत्या.

"ऐक," त्या म्हणाल्या. "भूकंपात आमचं गाव बसलं. नवीन गाव वसवायला बाहेरून साहेब आले. लई भले लोक होते, मी नाव ठेवत न्हाई, पक्की घरं दिली. पण त्यांच्याजवळ बी नकाशा होता. जुन्या गावात माझ्या अन् कमलम्माच्या घरात एकच भिंत, अन् भिंतीत आरपार देवळी. विरजण, निखारे, सासूची चहाडी, समदं त्यातून जायचं. नव्या गावात ती तिसऱ्या ओळीत अन् मी सातव्या. मधी चाळीस फुटी रस्ते. बोलायला चप्पल घालून जावं लागायचं. तीन सालांत गेली ती. डॉक्टर म्हणले बीपी. मी म्हणते रस्ता."

"मावशी…"

"आता त्या रस्त्यावर सोयाबीन वाळतंय. कमलम्मा काय परत येत न्हाई. अन् आता तू माझ्या अन् सुलतानबीच्या मधी लोखंड लावलंस. माझं खाऊन लावलंस."

रुद्रेशचा चेहरा पडला होता. तो हळूच म्हणाला, "एक अर्ज द्या मावशी. दार तुमच्याच समोर पहिलं लावतो."

उमाबाईंनी अर्ज दिला. मग स्मरण म्हणून दुसरा दिला. दोन महिन्यांत नऊ अर्ज झाले आणि प्रत्येकाची पोच मिळाली.

दार काही मिळालं नाही. दरम्यान पातेली ऑटोत घालून पाठवली, तर चौकातल्या गर्दीत ऑटो अडकायचा आणि वरण ऑटोवाल्याच्या पायावर सांडायचं. मग दोघींनी आपापल्या बाजूला स्टुलं ठेवली आणि कठड्यावरून हात लांब करून पातेलं द्यायला सुरुवात केली. दुसऱ्याच दिवशी वरण मधल्या अडीच फुटांत पडलं, आणि आंतरराष्ट्रीय पदपथावर पहिल्यांदा काहीतरी वाहिलं. साठाची पंगत अडतीसवर आली. सुलतानबी हॉलमधली रिकामी ताटं पालथी घालताना आवाज होऊ देत नसे, पण उमाबाईंना रस्त्याच्या अलीकडून ते दिसायचं आणि त्या दिवशी पोळ्या जरा जास्तच जोरात लाटल्या जायच्या.

"अगं, आमच्या कारखान्यातल्या गफूरभाईची गादी कापायची फळी हाय ना," एक दिवस सुलतानबी गजांतून म्हणाली. "चांगली सात फुटी. दोन्ही कठड्यांवर आडवी टाकली तर?"

फळी टाकली. छातीच्या उंचीवर, दोन्ही बाजूंना दोन दोन फूट बाहेर. उमाबाईंनी अलीकडून पातेलं सरकवलं.

"आलं का?"

"आलं."

"पोळ्या आल्या?"

"आल्या. लोणचं राहिलं."

"लोणचं तुझ्याच घरचं हाय, काढ की."

वरण गरम पोचलं. पण वीस-बावीस पोरं गेली ती गेली, आणि उरलेल्यांच्या आया रोज हॉलच्या दारात उभ्या राहून घड्याळ बघत होत्या.

फळीचा उपयोग सुलतानबीच्या शेळीलाही कळला. तिचं नाव बिजली. मंडळानं पदपथात फुलझाडं लावली होती, बाहेरून मागवलेली, प्रत्येकाला नावाची चिठ्ठी. बिजलीनं आठ दिवस गजांतून त्यांच्याकडे बघितलं, आणि नवव्या दिवशी कठड्याशेजारी हातगाडीवर रचलेल्या गाद्यांवर चढून, तिथून फळीवर येऊन, आत उडी मारली. नेमके त्याच दिवशी साडेअकराला मंडळाचे मोठे साहेब पाहणीला येणार होते.

रुद्रेश साडेदहाला पोचला. तोवर चार झाडं चिठ्ठ्यांसकट संपली होती.

"मावशी, शेळी बाहेर काढा."

"कुठून?" उमाबाई म्हणाल्या.

त्यानं इकडेतिकडे पाहिलं, घड्याळ पाहिलं, आणि स्टुलावर चढून कठड्यावरून पाय टाकला. पंगतीत असताना तो सडपातळ होता. आता नव्हता. आत उतरताना पँट मागून वीतभर फाटली, आणि तो आवाज सुलतानबीच्या हॉलपर्यंत ऐकू गेला.

बिजलीला वाटलं खेळायला कुणी आलं. ती चौकाकडे पळाली, रुद्रेश मागे. चौकाच्या टोकाला पदपथाच्या तोंडावरच भूमिपूजनाची कोनशिला होती, पुरुषभर उंच, खाली सतरा नावं. शेळी वळली आणि याच्या पायांमधून निघून बस थांब्याकडे पळाली. तिकडच्या तोंडाला लोकार्पणाची कोनशिला होती, अजून पडदा न उघडलेली. तिथून दोघंही परत आले. रुद्रेश आता पाठीमागे फाइल धरून चालत होता. कठड्यावर पाय टाकून बाहेर येणं अवघड नव्हतं, पण एव्हाना फिजिक्सची बॅच सुटली होती आणि पलीकडे दोनेकशे पोरं आणि अलीकडे त्यांच्या आया उभ्या होत्या. अलीकडे उतरावं तर पाठ पलीकडे होते, पलीकडे उतरावं तर अलीकडे. पदपथाचा पहिला पादचारी मधोमध फळीपाशी उभा राहिला.

मोठ्या साहेबांची गाडी थांबली.

"रुद्रेश, आत काय करताय?"

"चालून बघतोय सर."

"आणि ही शेळी?"

"ती बी चालून बघून राहिली साहेब," उमाबाई म्हणाल्या. "तीन महिन्यांत दोघंच फिरायला आले."

"बाहेर या," साहेब म्हणाले.

"सर, दार…"

साहेबांनी डावीकडे पाहिलं, मग उजवीकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. "दार कुठं आहे?"

"दुसऱ्या टप्प्यात हाय साहेब," पाहणीसाठी बोलावलेला केरबा मिस्त्री अदबीनं म्हणाला.

कुणीतरी फोटो काढला. साहेबांनी दाराला तातडीची मंजुरी देऊ असं तिथल्या तिथे जाहीर केलं आणि ते निघून गेले. रुद्रेश तिथेच राहिला, फाइल पाठीला, मान खाली. उमाबाईंनी त्याच्याकडे पाहिलं. त्यांना राग आलेलाच होता. तरी त्यांनी एक ताट वाढलं आणि फळीवरून सरकवलं.

"जेव."

"मावशी, नको."

"जेव म्हणते ना. बायोलॉजीला उशीर झाला की असंच उभ्यानं वाढत होते तुला. तवा बी तोंड असंच करायचास."

तो उभ्यानं जेवला. जेवण झाल्यावर सुलतानबीनं फळीवरून गफूरभाईंची लुंगी पाठवली, आणि ती नेसून इंजिनियर साहेब बाहेर आले. बिजली तिच्या तिच्या सवडीनं फळीवर चढून परत गेली.

ते दृश्य पोरांनी बघितलं होतं. दुसऱ्या दिवशी पाच-सहा जणांनी ताटं हॉलमध्ये नेलीच नाहीत. फळीशी उभं राहून, पुस्तक समोर टेकवून जेवली आणि पंधरा मिनिटांत मोकळी झाली. चौथ्या दिवशी फळी पुरेना. गफूरभाईंनी आणखी दोन दिल्या, मग कठड्याच्या लांबीनं पट्ट्या ठोकल्या. पलीकडच्या अंगाला रांगेनं पोरं, मधल्या अडीच फुटांत पाण्याचे जार आणि हात पुसायचे टॉवेल. गेलेली पोरं परत आली, येताना आणखी घेऊन आली. संध्याकाळी आया तिथे कोपर टेकून एकमेकींच्या पोरांचे मार्क काढू लागल्या. उमाबाई पोळपाट तिथेच मांडून अलीकडून पोळी टाकायच्या, सुलतानबी पलीकडून वरण वाढायची, आणि दोघींच्या मध्ये फक्त फळी. दिवसभराचं बोलणं त्या फळीवरून जायचं.

असे दिवस बरे चालले असताना एकतीस मार्चला सकाळी रुद्रेश आला. बरोबर केरबा, लोखंड कापायचं यंत्र आणि एक हिरवं, नवं कोरं दार. रुद्रेशच्या चेहऱ्यावर आनंद मावत नव्हता.

"मावशी, दार आणलं."

उमाबाईंनी लाटणं खाली ठेवलं नाही. "कुणाला विचारून?"

"तुम्हालाच. नऊ अर्ज आहेत तुमचे." त्यानं फाइल उघडून दाखवली. नऊच्या नऊ, खाली उमाबाईंची सही.

"अन् बसणार कुठं?"

केरबानं खडूनं खूण केली. खूण बरोबर पहिल्या फळीच्या खाली होती. "नकाशात रेघ हाय मावशी," तो अपराध्यासारखा म्हणाला.

उमाबाईंनी लाटण्यासकट दोन्ही हात फळीवर ठेवले. पलीकडून सुलतानबीनंही ठेवले. "फळीला हात लावायचा न्हाई," उमाबाई म्हणाल्या. त्यांचा आवाज चढला नव्हता, त्यामुळे केरबानं यंत्र आपणहून खाली ठेवलं. "कमलम्माच्या वेळी मी गप बसले. मला वाटलं शिकलेली माणसं हायत, नकाशा हाय, आपल्याला काय कळतं. आता कळतं. ही माझी देवळी हाय."

"पण तुम्हीच मागितलं होतं ना," रुद्रेश रडकुंडीला आला. "आज एकतीस मार्च आहे. दार लागलं नाही तर निधी परत जाईल, माझ्यामागे चौकशी लागेल. लावलंच पाहिजे मावशी."

"मग लाव की. मी कुठं नको म्हणते. फळी सोडून कुठं बी लाव."

"मंजुरी याच जागेची आहे. गादी कारखान्यासमोर."

मग केरबानं कागद खिशातून काढला, या वेळी सुरुवातीलाच सुलटा धरला, आणि कारखान्याच्या दर्शनी भागाकडे नजर टाकली. तिथे भिंतीला लागून बिजलीचा गोठा होता, चार पत्रे आणि एक फाटकं पोतं.

"साहेब," तो म्हणाला, "हे बी कारखान्यासमोरच हाय."

दुपारी तीनपर्यंत दार लागलं. रुद्रेशनं त्याचा फोटो काढला, काम पूर्ण झाल्याच्या दाखल्यावर सही केली, आणि निधी वेळेत खर्च झाला. फोटोत दारावरची 'पादचाऱ्यांसाठी' ही पाटी स्पष्ट दिसते. आतून एक पादचारी शिंगं घासताना दिसतो, तो थोडा अस्पष्ट आहे. दाराला आता कुलूप असतं, कारण बिजलीची फिरायची सवय अजून गेलेली नाही. पदपथाला मात्र आजही दार नाही.

उमाबाईंचा रागही गेलेला नाही. रुद्रेश रोज सव्वाअकराला येतो, पोरांच्या रांगेत फळीशी उभा राहतो आणि ताट सरकत येण्याची वाट बघतो. उमाबाई त्याच्याशी बोलत नाहीत, वाढतात फक्त. परवा त्यानं पहिला घास घेतला आणि थोडा थांबला.

"मावशी," तो भीत भीत म्हणाला, "वरणात मीठ राहिलंय वाटतं."

उमाबाईंनी वर न बघता पुढची पोळी लाटायला घेतली.

"दुसऱ्या टप्प्यात," त्या म्हणाल्या.